ऱ्हासाची कारणे

बाईंनी पहिली वही उघडली, उत्तर वाचलं आणि वही मिटली. दुसरी उघडली. तिसरी उघडली. मग ढिगाच्या मधूनच एक ओढून काढली. चौथी 'ब'च्या झाडून साऱ्या मुलांनी एकच वाक्य लिहिलं होतं : 'प्राचीन नगरांतील लोकांची सांडपाण्याची चव उत्तम होती.'

गाइडात 'सोय'च्या जागी 'चव' छापलं गेलं होतं, एवढीच गोष्ट. छापखान्यात अक्षरं जुळवणाऱ्याला डुलकी लागली असेल. पण बाईंचा राग मुळातच नाकाच्या शेंड्यावर मुक्कामाला असे. शाळेत मुलं त्यांना 'तोफ' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना ठाऊक आहे, हे मुलांना ठाऊक नव्हतं. वह्यांचा गठ्ठा घेऊन त्या वर्गात शिरल्या आणि तो टेबलावर असा आपटला की फळ्याखालची खडूची पूड उडाली.

"सांडपाण्याची चव कुणी घेतली?"

मुलं वह्यांच्या गठ्ठ्याकडे पाहू लागली.

"मी विचारतेय, चव कुणी घेतली? राजानं? प्रजेनं? का तुम्ही घेतलीत?"

पहिल्या बाकावरच्या, पुढचे दात पडलेल्या मुलाने भीत भीत हात वर केला. "बाई, ज्यांनी खोदलं त्यांनी."

"कशी?"

"वाळलं असेल ना तोवर. मग चाटून."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यातून खिडकीजवळच्या बाकावर त्यांची स्वतःची मुलगी बसली होती, आणि तिच्याही वहीत तीच चव होती. शाळेत तिने आईला 'बाई'च म्हणायचं असा घरचा दंडक होता. तो ती इतका चोख पाळी की कधी कधी घरी जेवतानाही "बाई, पाणी" असं तिच्या तोंडून निघून जाई.

"गाइडं काढा," बाई म्हणाल्या. "सगळी. इथं, टेबलावर."

गाइडं आली. बाईंनी खुर्चीवर चढून ती कपाटाच्या डोक्यावर रचली आणि हात झटकत खाली उतरल्या.

"मग आता उत्तरं कुठून आणायची, बाई?" कुणीतरी रडवेल्या आवाजात विचारलं.

"अभ्यासक आणतात तिथून. जमिनीतून, भिंतींतून, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून. प्रत्येकानं आपलं घर, आपली इमारत, आपली गल्ली घ्यायची आणि समजायचं की हे एक जुनं नगर आहे. आपण नव्यानं इथं आलोय. काय दिसतं ते पाहायचं, विचारायचं, आणि मोठ्या तक्त्यावर लिहायचं. मनाचं एक अक्षर घालायचं नाही. ऐकलेलं असेल तर कुणाकडून ऐकलं ते लिहायचं."

मग त्यांनी पुस्तकातल्या धड्याचे मथळे फळ्यावर उतरवले. नगररचना, पाणी व सांडपाणी, व्यापार, राज्यकर्ते, लढाया, सापडलेले अवशेष, ऱ्हासाची कारणे. 'थर' म्हणजे काय, तेही समजावलं. "घरात खुर्चीवर कपड्यांचा ढीग असतो ना? तळाशी सोमवारचे, त्यावर मंगळवारचे. जे खाली ते जुनं, जे वर ते नवं. कळलं?"

हे मात्र मुलांना पटकन कळलं. असली खुर्ची सगळ्यांच्याच घरी होती.

"बाई, ऱ्हास म्हणजे?" जाड चष्म्यातून एका मुलीने विचारलं.

"आधी चांगलं चाललेलं असतं, मग बिघडतं. का बिघडलं ते शोधायचं."

"घरातलंसुद्धा?"

"घरातलं, जिन्यातलं, गल्लीतलं. सगळं!" बाई कडाडल्या. राग अजून ओसरला नव्हता, त्यामुळे आपण काय बोलून बसलो याकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापिकांनी त्यांना बोलावून घेतलं. मुख्याध्यापिकांना सगळी शाळा 'मोठ्या बाई' म्हणे. त्यांना दोनच गोष्टींची भीती वाटे : संस्थेचे अध्यक्ष आणि पालक. शनिवारी दोन्ही एकदमच येणार होते.

"पालकसभेला भिंती मोकळ्या दिसायला नकोत," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुमच्या वर्गाचं काहीतरी चाललंय म्हणे. विषय काय?"

"संस्कृती."

मोठ्या बाईंचा चेहरा उजळला. "वा! अहो, अध्यक्षसाहेब सारखे म्हणत असतात, मुलांना संस्कृती कळायला हवी. मोठ्यांचा मान, घरातली शिस्त..."

"त्या अर्थानं नव्हे. प्राचीन संस्कृती. नगरं, गटारं..."

"गटारं एका कोपऱ्यात लावू," मोठ्या बाई उदारपणे म्हणाल्या. "आणि हो, गुरुवार-शुक्रवार तुम्हाला प्रशिक्षणाला जायचंय. वरून पत्र आलंय. तक्ते मुलांकडून मी गोळा करून घेते, शिपाईमामा टांगतील. तुम्ही काही काळजी करू नका."

"मी वाचल्याशिवाय एकही तक्ता लावायचा नाही," बाईंनी बजावलं.

"नाही हो, नाही," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि त्यांनी समोरच्या फायलीत असं डोकं घातलं की ते 'नाही' कशाला होतं ते कळायला मार्ग राहिला नाही.

प्रशिक्षणाचा विषय होता 'आनंददायी वर्ग'. एक सदा हसतमुख गृहस्थ शिक्षकांना गोल उभं करत, टाळ्या वाजवायला लावत आणि शेजारच्याकडे पाहून हसा म्हणत. बाईंच्या शेजारच्या शिक्षकाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि तो दुसऱ्या बाजूच्याकडे वळून हसू लागला. दुसऱ्या दिवशी गृहस्थांनी विचारलं, "राग आला की तुम्ही काय करता?" बाई म्हणाल्या, "शिकवते." त्यानंतर त्यांना कुणी काही विचारलं नाही.

शनिवारी सकाळी त्या शाळेच्या फाटकातून आत आल्या तेव्हा वरच्या मजल्यावरून बाजार भरल्यासारखा गलका ऐकू येत होता. जिन्याच्या तोंडाशी शिपाईमामा उभे होते.

"बाई, मागच्या दारानं घरी जा," ते हळूच म्हणाले. "मी सांगतो, तुम्हाला ताप आलाय."

"तक्ते लावलेत?"

"मोठ्या बाईंनी सांगितलं, सरळ रेषेत लाव. सरळच लावलेत. एकही वाकडा नाही."

"त्यांनी वाचले?"

"वरचं नाव वाचलं. 'आमच्या घराची संस्कृती', 'आमच्या इमारतीची संस्कृती'. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या."

बाई दोन-दोन पायऱ्या चढत वर गेल्या. व्हरांड्याच्या दोन्ही भिंतींवर रंगीत तक्ते ओळीने लटकत होते आणि त्यांच्यापुढे पालक एकमेकांच्या खांद्यांवरून माना काढून वाचत होते. मुलं भिंतीला पाठ लावून आपापल्या तक्त्यांशेजारी उभी होती, अगदी शिकवल्यासारखी.

सगळ्यात मोठा घोळका पहिल्याच तक्त्यापाशी होता. तो चष्मेवालीचा. तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : 'लढाया : वरच्या मजल्यावरच्या लोकांशी. कारण : त्यांच्या मोरीचे पाणी आमच्या छतातून येते. शस्त्रे : झाडूचा दांडा (आमचा), उखळ (त्यांचे). निकाल : अजून लागलेला नाही.' शेजारचाच तक्ता दात पडलेल्या मुलाचा होता, कारण तो राहायला तिच्याच वर होता. त्याने लिहिलं होतं : 'खालच्या भागात रानटी टोळ्या राहतात. माहिती देणारे : बाबा.'

हे बाबा दातांचे डॉक्टर होते. चष्मेवालीचे वडील बँकेत अधिकारी होते. दोघेही इस्त्रीच्या शर्टांत, छातीला छाती भिडवून उभे होते.

"रानटी? आम्ही रानटी?" बँकवाले ओरडत होते. "डॉक्टर ना तुम्ही? आधी स्वतःच्या पोराचे दात सांभाळा!"

"त्याचे दुधाचे पडलेत! आणि दांडा कोण आपटतं रोज छताला?"

"उखळ कोण सरकवतं?"

"म्हणजे शस्त्रं बरोबर आहेत ना?" चष्मेवालीने मधूनच विचारलं. दोघांनीही तिला गप्प केलं.

त्यापलीकडे शहरातल्या मोठ्या व्यायामशाळेचे मालक उभे होते. त्यांचा दंड म्हणजे दुसऱ्या कुणाची मांडी. ते आपल्या मुलाच्या तक्त्यासमोर लालबुंद होऊन उभे होते आणि त्यांची बायको त्यांच्याहून लाल झाली होती. मुलाने लिहिलं होतं : 'सापडलेले अवशेष : बाबांच्या बुटांच्या कपाटामागे सिगारेटचे पाकीट. बाबांनी सिगारेट माझ्या वाढदिवसाला सोडली. पण पाकीट वाढदिवसाच्या फुग्यांच्या वरच्या थरात सापडले. यावरून ते नंतरचे आहे.'

"जुनं पाकीट आहे गं ते!" मालक गयावया करत होते.

"मग फुग्यांच्या वर कसं आलं?" बायकोने विचारलं. "उडी मारून?"

आपल्या विद्यार्थ्याने थराचा इतका बिनचूक वापर केलेला पाहून बाईंना क्षणभर अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटलं. पण तेवढ्यात समोरून एक वकीलबाई आल्या. त्यांच्या मागून त्यांच्या सासूबाई काठी टेकत येत होत्या.

"तुम्हीच का त्या?" वकीलबाई म्हणाल्या. "माझ्या मुलीनं काय लिहिलंय वाचलंत? 'राज्यकर्ते : आधी आजीचे राज्य होते. नंतर आईने ते जिंकले. बाबा दोन्हीकडे मुजरा करतात.' सगळ्या कोर्टात माझं हसं होईल!"

"तुझं काय हसं व्हायचंय?" सासूबाई काठी आपटून म्हणाल्या. "'आधी होते' म्हणे! आधी? अहो बाई, चूक आहे ती. सुधारून घ्या. राज्य अजून माझंच आहे."

"पाहिलंत? हे असं असतं रोज!"

"तेही लिहिलंय तिनं, लढायांत," सासूबाई म्हणाल्या. "ते मात्र बरोबर आहे."

एवढ्यात जिन्यात गडबड उडाली आणि मोठ्या बाई अध्यक्षांना घेऊन वर आल्या. मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर हसू होतं, कारण त्या इतका वेळ खाली फाटकापाशी हार घेऊन उभ्या होत्या आणि वरचं काहीच त्यांच्या कानावर गेलं नव्हतं.

"या, या साहेब. सगळी संस्कृती आपल्या डोळ्यांपुढे..." आणि मग त्यांच्या नजरेस दंतवैद्यांचा पंजा पडला. तो बँकवाल्यांच्या कॉलरवर होता.

अध्यक्ष जाणते होते. भांडणाकडे पाठ करून त्यांनी हात मागे बांधले आणि ते जवळचा तक्ता कौतुकाने वाचू लागले. दुर्दैवाने तो घरचा नव्हता. काही मुलांच्या घरी त्यांना कुणी काही सांगायलाच तयार झालं नव्हतं. "नसत्या चौकश्या नकोत" म्हणून हाकलून लावलं होतं. अशा चौघांनी मिळून मग शाळेचाच तक्ता केला होता.

'आमच्या शाळेची संस्कृती,' अध्यक्षांनी मोठ्याने वाचलं, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. 'नगररचना : प्राचीन काळी शाळेच्या मागे मुलांचे मैदान होते. पुरावा : झोपाळ्याचा एक खांब, तो अजून आहे. आणि शिपाईमामा, तेही अजून आहेत. सध्या त्या जागी...'

अध्यक्षांचा आवाज खाली आला. पुढचं त्यांनी मनात वाचलं. पण दात पडलेल्या मुलाने एव्हाना चौघांच्या तक्त्यापाशी धाव घेतली होती. साहेबांना अक्षर लागत नसेल असं वाटून त्याने मदत केली. "सध्या त्या जागी अध्यक्षांच्या गाड्यांचं शोरूम आहे. ऱ्हासाची कारणे : विचारली, पण सगळ्यांनी तोंड फिरवलं."

व्हरांड्यात कुणीतरी ऐकू येईल असं हसलं.

"हे कुणी शिकवलं मुलांना?" अध्यक्षांनी विचारलं. आवाज शांत होता, पण कानांच्या पाळ्या तांबड्या झाल्या होत्या.

"मी," बाई म्हणाल्या.

"तक्ते उतरवा. आत्ताच्या आत्ता. आणि तुम्ही सगळ्या पालकांची माफी मागा. लेखी."

आता बाईंच्या रागाला तोंड मिळालं. दोन दिवस टाळ्या वाजवून तुंबलेला राग होता तो, गाइडातल्या चवीपासूनचा, मागच्या दाराने घरी जा म्हणणाऱ्या शिपाईमामांपर्यंतचा.

"माफी कशाची?" त्या म्हणाल्या. "साहेब, यातलं खोटं काय आहे ते मला कुणीही सांगावं. डॉक्टर, तुमच्या मोरीचं पाणी खाली जातं की नाही? बँकवाले, दांडा आपटता की नाही? आणि तुम्ही, ते पाकीट तुमचं नाही का?" व्यायामशाळेचे मालक छताकडे पाहू लागले. "मुलांनी पाहिलं ते लिहिलं. कुणाकडून ऐकलं तेही लिहिलं. एवढं खरं तर तुमच्या गाइडात नाही! यांच्या वयात तुम्ही आम्ही काय लिहीत होतो? घोकलेलं! आणि आता मुलं डोळे उघडून बघायला लागली, तर तुम्हाला त्यांचे डोळे मिटायचेत!"

बँकवाल्यांनी दंतवैद्यांचा हात कॉलरवरून सोडवला आणि म्हटलं, "ते मैदानाचं मात्र खरं आहे हं, डॉक्टर. मी याच शाळेत होतो. झोपाळे होते तिथं. दोन."

"तीन," दंतवैद्य म्हणाले. "एकावरून मी पडलो होतो."

"मग ते गेले कुठं?" व्यायामशाळेच्या मालकांनी विचारलं. पाकिटावरून विषय हलतोय हे पाहून त्यांच्या आवाजात बळ आलं होतं. "काय हो साहेब, मैदान गेलं कुठं?"

"त्याची कागदपत्रं मी पाहिली असती, पण मला कुणी विचारलं नाही," वकीलबाई म्हणाल्या.

"मी विचारते," सासूबाई म्हणाल्या. सून आणि सासू एका बाजूला उभ्या राहिल्याचा त्या घरातला हा बहुधा पहिलाच प्रसंग असावा.

घोळका अध्यक्षांच्या दिशेने सरकला. अध्यक्ष मागे सरकले, आणखी मागे सरकले, आणि त्यांची पाठ वर्गाच्या उघड्या दाराला टेकली. दार हललं. त्याच्या आडोशाला शिपाईमामांनी आणखी एक तक्ता लावला होता. सरळच, पण कुणाला दिसणार नाही असा. अध्यक्षांनी त्यावरचं नाव वाचलं आणि बुडत्याला हात मिळावा तसे ते सावरले.

"दुसऱ्यांच्या घरात डोकावण्याआधी," ते म्हणाले, "बाईंच्या घरचं काय ते वाचू या ना! ही तुमचीच मुलगी ना?"

बाईंनी मुलीकडे पाहिलं. मुलगी आपल्या बुटांकडे पाहत होती. शिपाईमामा जिन्याकडे पाहत होते. त्यांनी तापाचं का सुचवलं होतं, ते आता बाईंना कळलं.

"वाचा," अध्यक्ष म्हणाले. "मोठ्यानं."

बाई पुढे झाल्या आणि वाचू लागल्या. वर्गात धडा वाचावा तशा, एकेक शब्द सुटा करून.

"'आमच्या घराची संस्कृती. राज्यकर्ते : आई. कायदे : ओरडून जाहीर होतात. लिहून ठेवत नाहीत, कारण विसरायची कुणाची हिंमत नाही. प्रजा : बाबा, आजोबा आणि मी. हवामान : सकाळी डबे भरताना वादळ. संध्याकाळी वह्या तपासताना पुन्हा. वादळात प्रजा गच्चीवर जाते.'"

हशा पिकला. बाईंच्या कानशिलांच्या शिरा तटतटल्या. त्या थांबल्या नाहीत.

"'सापडलेले अवशेष : आई हसत असल्याचा एक फोटो. कपाटाच्या अगदी तळाच्या थरात सापडला. काळ : माझ्या जन्माच्या आधीचा. फोटोतली बाई आईच आहे का, यावर बाबा आणि आजोबा यांचे एकमत नाही.'"

या वेळी हसू थोडं कमी आलं.

"'ऱ्हासाची कारणे : वह्या. त्यांत एक माझीही असते.'"

मग कुणीच हसलं नाही. बाई तक्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांना राग आला होता. पण तो कुणावर काढायचा हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच सुचत नव्हतं. मुलीवर काढावा, तर तिने मनाचं एक अक्षर घातलं नव्हतं. शेवटी त्या वळल्या.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "सगळं. तिला पैकीच्या पैकी."

सासूबाईंनी काठी बगलेत धरून टाळी वाजवली. पाठोपाठ व्यायामशाळेच्या मालकांनी वाजवली, आणि त्यांच्या पंजांचा आवाज मोठा असल्यामुळे बाकीच्यांनाही वाजवावी लागली. त्या गडबडीत अध्यक्ष "मैदानाची पाहणी करू, पाहणी करू" असं म्हणत जिना उतरून गेले. हार मोठ्या बाईंच्या हातातच राहिला. जाताना सासूबाईंनी नातीचा तक्ता मागून घेतला, 'आधी' हा शब्द तिथल्या तिथे पेनने खोडला आणि तक्ता बाहेरच्या खोलीत लावायचा म्हणून गुंडाळी करून नेला. वकीलबाई कपाळाला हात लावून मागोमाग गेल्या.

बाई मुलीला घेऊन घरी पोचल्या. नवऱ्याने दारातच त्यांचा चेहरा पाहिला आणि गच्चीची किल्ली उचलली.

"ठेवा ती खाली," बाई म्हणाल्या. "एकमत नाही म्हणे! फोटो कुणी काढला होता?"

"मीच काढला होता," नवरा म्हणाला.

"मग?"

"अगं, इतकी वर्षं झाली. मला वाटलं, माझीच काही चूक होत असेल."

"मला ती तुझी मावशी वाटली होती," सासरे पेपराच्या मागून म्हणाले.

मुलगी पेन्सिल घेऊन पुढे आली. "बाबा, मग तुमची साक्ष बदलू?"

बाई तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेल्या. आत भांडी जोरजोरात वाजली. ती रागाने वाजत होती की कशाने, यावरही त्या घरात एकमत झालं नाही.

सोमवारी मोठ्या बाईंनी त्यांना बोलावलं. बाई राजीनाम्याचा मजकूर मनात जुळवूनच गेल्या होत्या. पण पालकांच्या सह्यांचं एक निवेदन अध्यक्षांकडे गेलं होतं, त्यात वकीलबाईंनी कायद्याची बरीच कलमं घातली होती, आणि बाईंना हात लावायची सोय राहिली नव्हती.

"काढत कुणीच नाहीये तुम्हाला," मोठ्या बाई घाम पुसत म्हणाल्या. "फक्त इतिहास काढून घेतोय. आजपासून चौथी 'ब'ला तुम्ही गणित शिकवा. शांत विषय आहे. गणितात कुणाच्या घरचं काही बाहेर येत नाही."

"इतिहास कोण शिकवणार?"

"गाइड आहे ना."

बाई दाणदाण पावलं टाकत वर्गात आल्या. खडू इतक्या जोराने टेकवला की त्याचे दोन तुकडे झाले. "गणित!" त्या म्हणाल्या. "पुस्तकं मिटा. आंबे, केळी, रेल्वेगाड्या, काही नको. प्रत्येकानं स्वतः एक शाब्दिक उदाहरण तयार करायचं. उठा, कोण सांगतंय?"

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. वर्षभरात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. हजेरीलाही ती नुसता हात वर करी.

"बाई, एका घरात पाच माणसं आहेत," ती भिंतीकडे पाहत म्हणाली. "त्यातली दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. जे काय असेल ते तिसऱ्याकडून सांगतात. मीठ हवं असलं तरी. तर जेवण संपेपर्यंत तिसऱ्याला किती घास खायला मिळतील?"

बाई फळ्याकडे वळल्या होत्या, त्या तशाच थांबल्या.

"तिसरा म्हणजे कोण?"

"गणितात नाव नसतं ना, बाई."

"वय?"

"नऊ," मुलगी म्हणाली.

व्हरांड्याच्या टोकाला मोठ्या बाईंच्या चपला वाजल्या. शांत विषय कसा चाललाय ते पाहायला त्या निघाल्या होत्या. बाईंनी तुटलेल्या खडूचा मोठा तुकडा उचलला.

"दार लाव गं," त्या पहिल्या बाकाला म्हणाल्या. मग मागच्या बाकापर्यंत चालत गेल्या आणि शेजारची जागा झटकून बसल्या. "हं. आता पुन्हा सांग. सावकाश. मला हे गणित नीट उतरवून घ्यायचंय."